कार्तिकातला फणस

राजापूरच्या डॉक्टरांनी वही दिली आहे,
रोज किती पावलं, ते लिहायचं.
म्हणून निघते, नळपाण्याचा पंप सुरू व्हायच्या आत,
पाणंदीतून वर, गुरांच्या वाटेनं सड्यावर,
भावाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून,
दर पावलाला कण्हणारे.

सड्यावर तेव्हा कोणी नसतं.
कापलेल्या गवताचे उडवे, दवानं जड,
चिरेखाणीच्या कडेला ताडपत्रीखाली यंत्र,
आणि खाली, फार खाली, खाडीवर धुक्याची साय.

वारुळाच्या पायथ्याशी फणस पडला होता.
मी दोन पावलं पुढे गेले
आणि थबकले.
कार्तिकात फणस कुठला?
तोही कातळावर, जिथे करवंदीलासुद्धा
मूळ रोवायला भेग शोधावी लागते?

फणस श्वास घेत होता.

आधी एक खवला उचलला गेला,
आतून कुणी हळूच कौल सरकवावं तसा.
मग शेपूट सुटलं, मग नाक, ओलं,
मग डोळे, मिरीचे दोन दाणे.
त्यांना मी दिसलेच नसेन,
किंवा दिसूनही
उडव्यांतला एक उडवा वाटले असेन.
बूट कण्हू नयेत म्हणून
मी पायाची बोटं आत दुमडली.

आईनं सांगितलेलं नाव आठवलं, खवल्या मांजर.
मांजराचं त्यात काहीच नव्हतं.
ते उठलं, पुढचे पंजे छातीशी धरून,
रोकडीत बारा रुपये कमी आलेल्या
पतपेढीच्या कारकुनासारखं
(बत्तीस वर्षं मी तीच होते, ती चाल मला कळते),
आणि फुटलेल्या वारुळात जीभ घातली.
जीभ संपेचना.
विहिरीत दोर सोडावा तशी आत जात राहिली.
आवाज यायचा
ओल्या बोटानं नोटा मोजल्याचा.

फोन खिशात होता. काढला नाही.
गेल्या वर्षी टपरीवर दोन माणसं आली होती,
चहाचे पैसे जास्त देऊन
हेच नाव दबक्या आवाजात विचारत होती,
काडेपेटीवर नंबर लिहून गेली.
ती काडेपेटी कुणी उचलली, मला माहीत आहे.
माझ्या भाच्यानं. डंपरचे हप्ते थकलेत त्याचे.

ऊन खाणीच्या कडेवर चढलं
तसं ते जाळीत निघून गेलं.
लाल धुळीत शेपटीची रेघ राहिली,
गाळावरून होडी ओढत नेल्यासारखी.
ती मी बुटानं पुसली,
मागे मागे सरकत, अंगण सारवावं तशी,
जाळीपासून वाटेपर्यंत.

तेवढ्यात संदेशची मोटरसायकल.
"काय गो आत्या, एवढ्या लांब?"
"डॉक्टर म्हणतात, चाल."
तो वारुळाकडे बघत होता,
आतली माती अजून ओली, वाळवी सैरावैरा.
मग माझ्या बुटांकडे, घोट्यापर्यंत लाल.
"डुकरांनी उकरलंय," तो म्हणाला.
"डुकरांनीच," मी म्हटलं.
याच सड्यावर गुरं राखली त्यानं,
डुक्कर कसं उकरतं ते त्याला ठाऊक.
त्याला ठाऊक आहे, हे मला.

त्यानं किक मारली. जाताना वळून पाहिलं,
माझ्याकडे की जाळीकडे, उन्हात कळलं नाही.

वहीत त्या दिवशी नऊशे चाळीस.
"इतकीच?" डॉक्टर म्हणाले.
"दम लागला."
बूट बदला, म्हणाले.

आता त्याच वाटेनं जाते,
वारुळाजवळ न थांबता.
या महिन्याचा हप्ता संदेशनं भरला.
कुठून, ते मी विचारलं नाही.

काल उडव्यांच्या मागे
दुसरं वारूळ फुटलेलं दिसलं, ताजं.
मी धुळीत रेघ शोधली.
रेघ नव्हती.
तिथली माती कुणीतरी
किंजळीच्या टहाळ्यानं झाडून काढली होती,
नीट, जाळीपर्यंत.
टहाळा तिथेच पडला होता,
पानं अजून सुकली नव्हती.